उपटलं, पण पेरलं काय?

(मेळघाटातील आपल्या केंद्रात शेती व वनकाम पाहणाऱ्या कार्यकर्त्याने वार्षिक मदत-सभेत केलेले भाषण. थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)

 आपल्या वसतिगृहातल्या मुलामुलींनी तुम्हांला सलाम सांगितला आहे. निघताना त्यांनी मला बजावलं, "सर, तिथं फार वेळ बोलू नका, लोक जेवायचे थांबलेले असतात." मी प्रयत्न करीन.

दर वर्षी मदत-सभेला आमच्यापैकी कोणीतरी येतं आणि दवाखान्यात किती पेशंट आले, दहावीला किती मुलं पास झाली, हे सांगतं. यंदा कमिटीने मला विषय दिला तो हवामान बदल आणि जंगल. मी शास्त्रज्ञ नाही. नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, शेतीची पदविका घेतलेला, बारा वर्षं मेळघाटात असलेला माणूस आहे. म्हणून मोठ्या विषयाला हात घालण्याआधी एका गाईची गोष्ट सांगतो.

आठ वर्षं झाली असतील. जून संपत आला होता. मृग कोरडा गेला होता आणि आर्द्रा लागून आठवडा झाला तरी आभाळात ढग नव्हता. आमच्या केंद्रापासून चार किलोमीटरवर एक कोरकू पाडा आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंना सगळे आजी म्हणतात, मीही आजीच म्हणतो. आजींचा नातू सकाळीच धावत आला, "सर, गाय बसली, उठत नाही." मी गेलो. गाय गोठ्याच्या सावलीत तोंड घालून बसलेली. डोळे पिवळे पडलेले. नाकपुड्यांची कातडी सुजून तडकलेली. उन्हात नेली की तडफडायची. चारा तोंडाला लावत नव्हती. तालुक्याच्या गावाहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी डोळे पाहिले, आजींना दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "हिनं रायमुनिया खाल्ली." चौथ्या दिवशी गाय मेली. घरात दोन लहान मुलं होती आणि दूध देणारी ती एकच गाय होती.

रायमुनिया म्हणजे तुमची घाणेरी. कोणी टणटणी म्हणतं. पिवळी, गुलाबी, नारिंगी फुलं, खरखरीत पान, चोळलं की उग्र वास, फांदीला बारीक काटे. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी तिची काळी फळं खाल्ली असतील, फुलं कानात खोचली असतील. पण तिच्या पानात यकृत बिघडवणारं विष असतं. गाईला हे ठाऊक असतं, म्हणून एरवी ती रायमुनियाला तोंड लावत नाही. मग त्या दिवशी का लावलं? कारण रानात दुसरं काही हिरवं उरलंच नव्हतं. पाऊस लांबला म्हणून गवत उगवलं नव्हतं. आणि पाऊस वेळेवर आला असता तरी गवताला जागा कुठे होती? सगळ्या उतारावर रायमुनियाच माजली होती.

हवामान बदल आणि परक्या वनस्पती या दोन गोष्टी कागदावर वेगवेगळ्या लिहिल्या जातात. आजींच्या गोठ्यात त्या एकाच दिवशी, एकाच दारातून आल्या.

आता थोडं मागे जाऊ. ही झाडी आपली नाही. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. फुलं सुंदर म्हणून युरोपातल्या लोकांनी ती बागेत लावली, आणि सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ती आपल्या देशातही शोभेची, कुंपणाची झाडी म्हणून आली. बुलबुल, साळुंक्या फळं खातात आणि बी दूरवर टाकतात. एकदा कुंपणाबाहेर पडलेली ही झाडी मग थांबली नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या देशात ज्या जंगलपट्ट्यात वाघ राहतात, त्यातल्या सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर क्षेत्रावर रायमुनियाचा शिरकाव झाल्याचा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे त्या जंगलांचा ४० टक्क्यांहून जास्त भाग. आकडा मोठा आहे, म्हणून असं समजा की अख्ख्या महाराष्ट्राचं जेवढं क्षेत्रफळ, त्याच्या निम्मं.

ही गोष्ट फक्त एका झुडपाची नाही. २०२३ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने काम करणाऱ्या जैवविविधता मंडळासाठी अहवाल केला. माणसाने एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेलेल्या जीवजाती त्यांनी मोजल्या, त्या ३७,००० हून अधिक भरल्या. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी आहेत. आपली मिरची, बटाटा, पेरू हे सगळे बाहेरूनच आले आणि आपण देवाचे आभार मानून ते खातो. पण ३,५०० हून अधिक जाती नव्या जागी माजल्या आणि तिथल्या मूळच्या जीवांना जड झाल्या. तेव्हा परकं म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. परदेशातून आलेल्यांचा राग धरायला मी इथे उभा नाही. शेजाऱ्याला जगू देत नाही ते वाईट, एवढंच.

मग हवामान बदलाचा इथे संबंध काय? तीन गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत आणि शास्त्रज्ञही त्याच सांगतात.

पहिली, पावसाची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मेळघाटात आम्हांला ते असं दिसतं की पाऊस येत नाही, येत नाही, आणि आला की दोन दिवसांत उताराची माती ओढ्यात नेऊन टाकतो. गवताचं बी त्या मातीबरोबर वाहून जातं. रायमुनियाची जुनी मुळं मात्र घट्ट धरून असतात. उघडी पडलेली जागा आधी कोण घेणार, हे मग सांगायला नको.

दुसरी, उन्हाळ्याची आणि वणव्याची. उन्हाळा कडक आणि लांब झाला की रान लवकर वाळतं. गवताची आग जमिनीलगत धावते आणि लवकर विझते. रायमुनिया माणसापेक्षा उंच वाढते, झाडाच्या फांद्यांना टेकते. ती वाळून पेटली की आग वर चढते आणि जास्त वेळ धगधगते. मोहाचं, चारोळीचं लहान रोप त्यात जळून जातं. रायमुनियाही जळते, पण तिचं बूड जिवंत राहतं आणि पहिल्या पावसात फुटतं. म्हणजे दर वणव्यानंतर झाडं कमी आणि रायमुनिया जास्त.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे. आपल्या उष्ण मुलखातली बहुतेक गवतं कमी कार्बनवरही काम भागवणारी आहेत, त्यामुळे तो वाढल्याचा त्यांना फारसा लाभ नाही. झुडपांना त्याचा अधिक फायदा होतो. दोन भावांत एकालाच जास्त ताट वाढावं, तसा हा प्रकार.

आता जंगलात याचा परिणाम कसा पोचतो ते पाहा. रायमुनियाच्या दाट जाळीखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे गवत मरतं. गवत नाही तर चितळ, गवा खाणार काय? ते शेतात येतात. रानडुकरांना त्या जाळीत दिवसभर लपायला उत्तम जागा मिळते आणि रात्री ती आमच्या लोकांच्या मक्यात आणि ज्वारीत असतात. कुटकी, सावा पेरणारी माणसं रात्र-रात्र मचाणावर जागतात. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या बाईला जाळीपलीकडे अस्वल आहे की नाही, हे चार पावलांवर गेल्याशिवाय कळत नाही. पूर्वी त्याच वाटेवर दूरपर्यंत दिसायचं, असं सगळ्या जुन्या बायका सांगतात.

आणि ताटाचं काय? पावसाळ्याच्या सुरुवातीला घरातलं धान्य संपत आलेलं असतं. तेव्हा रानभाज्या, कंद, करटुली, बांबूचे कोंब यांच्यावर घर चालायचं. मेळघाट म्हटलं की तुम्हांला कुपोषण आठवतं. १९९३ साली वर्तमानपत्रांतून ते सगळ्या राज्याला कळलं आणि तेव्हापासून कितीतरी चांगल्या माणसांनी तिथे आयुष्यं घातली. आपली मंडळीही पोषण आहाराची पाकिटं पाठवते. त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण आजी मला एकदा म्हणाल्या ते ऐका. पाकिटं वाटून झाल्यावर म्हणाल्या, "हे बरं हाय भाऊ. पन आमचं स्वयंपाकघर तं तिकडं हाय," आणि त्यांनी रायमुनियाने झाकलेल्या उताराकडे बोट केलं.

आता आमच्या चुकीबद्दल सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्याचा मला अधिकार नाही.

गाय मेली त्याच वर्षी, दिवाळीनंतर, आम्ही रायमुनिया हटवायचं ठरवलं. पाड्याला त्या उतारावर सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, ग्रामसभेने ठराव केला, वनखात्याशी बोलणं झालं. शहरातून तरुण मंडळी दोन बस भरून आली. गाणी झाली, प्रार्थना झाली, कोयते-कुऱ्हाडी वाटल्या. दोन दिवसांत आम्ही जवळजवळ एक हेक्टर उतार साफ केला. ढीग रचून पेटवले. फोटो काढले. ते फोटो याच अंकात छापून आले होते, काहींना आठवत असतील. मी स्वतः खाली ओळ लिहून दिली होती की जंगल मोकळं झालं.

बस गेल्यावर आजी उतारावर आल्या. इकडे-तिकडे फिरल्या. घोट्याएवढ्या उंचीवर कापलेली खुंटं त्यांनी पायाने हलवून पाहिली आणि मला म्हणाल्या, "तुमी तं याची हजामत केली, भाऊ. पान्यात पाहजा आता."

पावसात पाहिलं. एकेका खुंटाला दहा-दहा फुटवे आले होते. जिथे ढीग पेटवले होते तिथली माती भाजून निघाली होती आणि तिथे गवताचं पातंही नव्हतं. जिथे कापताना घाई झाली, तिथे चारोळीची रोपंही कापली गेली होती, कारण शहरातल्या पोरांना रोप कुठलं आणि रायमुनिया कुठली हे सांगायला आम्ही कोणालाच उभं केलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी रायमुनिया पहिल्यापेक्षा दाट झाली. आम्ही उपटलं नव्हतं, नुसतं छाटलं होतं. आणि पेरलं तर काहीच नव्हतं.

अशा वेळी मला मत्तयच्या शुभवर्तमानातला निदणाचा दाखला आठवतो. तुम्हां सर्वांना तो माहीत आहे. गव्हात निदण उगवतं, चाकर ते उपटायला निघतात आणि धनी त्यांना थांबवतो. तो दाखला माणसांचा न्याय करण्याबद्दल आहे, रान साफ करण्याबद्दल नाही, हे पाळकसाहेब माझ्यापेक्षा चांगलं समजावतील. तेव्हा रायमुनिया तशीच वाढू द्यावी असा अर्थ मी काढत नाही. पण त्या धन्याची एक काळजी शेतकऱ्याच्या मुलाला लगेच कळते. निदणाचा राग त्यालाही आहे, पण त्याचं लक्ष गव्हावर आहे. आमचं त्या दोन दिवसांत सगळं लक्ष निदणावर होतं.

मग आम्ही शिकायला बसलो. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी कॉर्बेटच्या जंगलात एक पद्धत यशस्वी करून दाखवली आहे. ती ऐकायला सोपी आहे. झुडपाच्या बुडाची माती थोडी उकरायची. खोड जिथे मुळाला मिळतं, तिथूनच नवे फुटवे येतात, म्हणून त्याच्या खालून मुख्य मूळ तोडायचं. मग झुडूप उचलून उलटं ठेवायचं, कारण फांद्या ओल्या मातीला टेकल्या तर तिथे पुन्हा मुळं धरतात. हे फळं धरायच्या आधी करायचं. पण खरं काम त्यानंतरचं. ज्या झाडांवर पाखरं बसतात त्यांच्या खाली रायमुनियाची नवी रोपं येतच राहतात. ती दर पावसाळ्यात फिरून उपटावी लागतात. आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्याच मुलखातलं गवत, बांबू लवकरात लवकर आणावा लागतो. नाहीतर जागा कोणाची वाट पाहत नाही.

कोणतं गवत, हे आम्हांला आजी आणि त्यांच्या वयाच्या बायकांनी सांगितलं. मारवेल गुरांना आवडतं, ते ओलाव्याच्या जागी लावा. पवन्या उतारावर चालेल. कुसळ आपोआप येईल, त्याच्यासाठी कष्ट करू नका. बी कधी पिकतं, कोणत्या बांधावर जुनं गवत अजून टिकून आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मी पदविका घेतलेला माणूस, पण मला ते बी हातात धरून ओळखता येत नव्हतं. पावसाळ्यानंतर त्या बायका ओंजळी-ओंजळीने बी गोळा करायच्या, घरात मडक्यात ठेवायच्या आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर उतारावर टाकायच्या.

या वेळी आम्ही एक हेक्टर घेतलं नाही. पाव हेक्टर घेतलं. पाड्यातल्या बायकांना दिवसाची मजुरी दिली. पहिल्या वर्षी पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं, फोटो काढण्यासारखं तर अजिबात नाही. दुसऱ्या वर्षी गवत आलं, पण विरळ. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर पाड्यातल्या लोकांनी त्या तुकड्यातून गवताचे भारे कापून नेले. गुरं आत सोडायची नाहीत, गवत कापून न्यायचं, हा नियम ग्रामसभेने केला आणि अजूनपर्यंत तो पाळला आहे. आज आमचे असे चार तुकडे आहेत. कडेने रायमुनिया सारखी आत येते, तिला सारखं मागे ढकलावं लागतं. एका तुकड्यात आम्ही हरलो. तिथे अतिवृष्टीत बी वाहून गेलं आणि त्या वर्षी दुसऱ्यांदा पेरायला आमच्याकडे बी आणि पैसा दोन्ही नव्हतं. हेही तुम्हांला सांगितलं पाहिजे.

एक गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. सगळी रायमुनिया एकदम काढायची नसते. कितीतरी पाखरं आणि ससे आज तिच्याच आडोशाने राहतात, कारण दुसरा आडोसा उरलेला नाही. म्हणून तुकड्या-तुकड्याने जायचं आणि आधी दुसरं घर तयार करायचं.

आदिवासी बांधवांना विचारलं नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण मेळघाटाबाहेरचं देतो. कर्नाटकात बिळिगिरी रंगन टेकड्यांमध्ये सोलिगा लोक राहतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पाचोळा थोडासाच वाळलेला असताना, हलकी आग फिरवून रान मोकळं ठेवायची त्यांची जुनी रीत होती. ती बंद करण्यात आली. त्यानंतर रायमुनिया माजली, असं तिथले जुने लोक सांगतात. तिथल्या जंगलात संशोधकांनी ठरावीक जागा निवडून मोजणी केली. १९९७ साली ४१ टक्के जागांत रायमुनिया होती. २००८ साली ती ८१ टक्के जागांत सापडली. त्यामागे एकच कारण असेल असं नाही, आणि मी इथे कोणालाही काडी लावायला सांगत नाही. आमच्याकडचं रान आज इतकं वाळलेलं आणि रायमुनियाने भरलेलं आहे की तिथे आग लावणं घातकच होईल. पण जंगल ज्यांच्या अंगणात आहे त्यांना आधी विचारावं, एवढं तरी यातून शिकता येतं.

आणि विचारलं तर काय होतं, त्याचंही उदाहरण आमच्या जवळच आहे. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर गाव आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्या कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या कोरकू लोकांनी ओसाड जमिनीवर पुन्हा जंगल उभं केलं. तिथली सीताफळं मुंबईपर्यंत गेली. २०१४ साली त्या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. त्यात आपल्या मिशनचा काही वाटा नाही, पण मला त्याचा आनंद वाटतो. आमची माणसं तिथे जाऊन पाहून आली आणि परत येताना सगळ्या वाटेने बोलत होती.

तुम्ही म्हणाल, आम्ही शहरात राहतो, आमचा याच्याशी दान देण्यापलीकडे काय संबंध? पुण्यात मुळा-मुठेच्या पुलावरून जाताना खाली हिरवा गालिचा दिसतो ना, ती जलपर्णी. तीही दक्षिण अमेरिकेतून फुलांसाठी आणलेली. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या फुलांचं गाजरगवत दिसतं, ज्याने कितीतरी जणांच्या अंगाला खाज सुटते, तेही बाहेरूनच आलेलं. पुण्यात ते पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं ते १९५० च्या दशकात. आणि आपण स्वतः काय केलं? आमच्या केंद्राच्या आवारात जुन्या कार्यकर्त्यांनी मोठ्या हौसेने सुबाभूळ लावली. चारा मिळेल, सरपण मिळेल, असं तेव्हा सगळेच सांगत होते. आज ती कुंपणाबाहेर ओढ्याकाठी पसरते आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जातींची यादी केली आहे. तिच्यात रायमुनिया आहे, जलपर्णी आहे आणि सुबाभूळही आहे. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता. हेतू चांगला असला की पुरे, असं मात्र नसतं. ते मी त्या एक हेक्टरावर शिकलो.

आता मागणं. मागितल्याशिवाय मदत-सभेतून खाली उतरलो तर आमचे खजिनदार रागावतील.

पहिलं मागणं असं की, या कामाला एका वर्षाची नाही, तीन वर्षांची मदत द्या. वर्षाला रक्कम कमी असली तरी चालेल, पण तिसऱ्या पावसाळ्यात ती असली पाहिजे. पहिल्या वर्षी मजुरीला पैसे मिळाले आणि दुसऱ्या वर्षी आटले, तर आम्ही रायमुनियाची पुन्हा हजामतच केलेली असते. या पैशाचा मोठा भाग पाड्यातल्या बायकांची मजुरी म्हणून जातो. होळीनंतर जी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, त्यातली दोन-चार यामुळे गावात राहतात, आणि त्यांची मुलं शाळेत राहतात.

दुसरं, तरुण मंडळींनी जरूर यावं. पण कोयता घेऊन नको. पावसाळा संपल्यावर या, गवताचं बी गोळा करायला. आजी शिकवतील. त्यात फोटो चांगले येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

तिसरं तुमच्या घरचं. मंडळीच्या आवारात झाड लावाल तेव्हा आधी विचारा की हे इथलं आहे का, आणि हे कुंपणाबाहेर गेलं तर काय करील. टाकीतले मासे, कुंड्यांतली पाणवनस्पती नदीत सोडू नका.

हवामान बदल मोठा आहे. तो मेळघाटातल्या माणसांनी केलेला नाही. ज्यांच्या घरी एक दिवा आणि एक सायकल आहे, त्यांनी हवेत काय धूर सोडला असणार? पण त्याचा पहिला फटका त्यांनाच बसतो आहे. पाऊस वेळेवर आणणं आपल्या हातात नाही. पाऊस आला की त्याला गवत भेटावं, एवढं मात्र आपल्या हातात आहे, निदान त्या उतारावर.

गेल्या महिन्यात मी निघण्याआधी आजींना सांगायला गेलो. म्हटलं, शहरात आपल्या कामाबद्दल बोलणार आहे, काय सांगू? त्या गोठ्यात होत्या. आता पुन्हा एक गाय आहे, तिच्यापुढे त्यांनी कापून आणलेलं मारवेल टाकलं होतं. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इचार त्यायले, पुढच्या पान्यात येतान का?"

मी तो निरोप तुमच्यापर्यंत पोचवला. उत्तर घेऊन मला परत जायचं आहे.